बारावं नाव

आमच्या संघाला सल्लागार नेमायचा होता, आणि नेमणारे आम्ही असे की जन्मात कोणी सालगडीसुद्धा ठेवलेला नाही. पुण्याच्या एका संस्थेनं आम्हाला दिव्यांगांच्या हक्कांचा तीन वर्षांचा प्रकल्प दिला होता. पहिली अट, आधी बेसलाइन करा. म्हणजे तालुक्यात दिव्यांग माणसं किती, प्रमाणपत्र कोणाकडे आहे, शाळा कोणाची सुटली, एसटीत कोणाला चढता येत नाही, हे सगळं काम सुरू व्हायच्या आधी मोजून ठेवायचं. तीन वर्षांनी पुन्हा मोजायचं, मग कळणार काही फरक पडला की आम्ही नुसत्या सतरंज्याच झटकल्या. इथपर्यंत ठीक होतं. पण मोजणारा माणूस बाहेरचा पाहिजे, असं त्यांनी लिहून कळवलं. आपलं आपण मोजलेलं त्यांना चालत नाही.

हे पत्र धम्मपालनं वाचून दाखवलं आणि आमच्या घरात दोन दिवस कोणत्याच भाजीला चव राहिली नाही. करणारी मीच होते, पण खाणाऱ्याचं तोंड उतरलेलं असलं की चव जाते.

खाणारे म्हणजे आमचे हे, काकासाहेब. संघाचे अध्यक्ष. सव्विसाव्या वर्षी काचबिंदूनं डोळे गेले, आणि एकोणीस वर्षांपूर्वी राजूरच्या गणपतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक गाळा भाड्यानं घेऊन यांनी दिव्यांगांचा हा संघ काढला. तालुक्यात कोणाच्या घरी कोण आहे, हे सगळं यांच्या डोक्यात. लोक सकाळी हरिपाठ म्हणतात, हे यादी म्हणतात. अंघोळ झाली की खाटेवर बसायचं आणि आपल्या आळीपासून सुरुवात करायची, घर एक, घर दोन, कोणाचा पाय, कोणाचे डोळे, कोणाचं पोर उशिरा बोलतं. यादीत माणूस वाढला की धम्मपाल वहीत लिहितो. धम्मपाल संघाचा सचिव. त्याचा उजवा हात मळणी यंत्रात गेला, तेव्हापासून डाव्या हातानं असं अक्षर काढतो की तलाठ्यानं लाजावं.

मी संघाची कोणी नाही. संघाचा नियमच आहे, सभासद व्हायचं तर दिव्यांग पाहिजे. माझं काम यांचा हात धरून नेणं, चहा करणं आणि सभा संपेपर्यंत दाराशी बसणं. दाराशीच का, तर तिथं उजेड असतो आणि सगळ्यांची तोंडं दिसतात. मला बोलणाऱ्याचं तोंड दिसायला लागतं. हल्ली लोकांना तोंडातल्या तोंडात बोलायची वाईट खोड लागली आहे, पाठ फिरवून बोलतात, घास चावत बोलतात. धम्मपालनं मध्यंतरी ओठावर येतील एवढ्या मिशा वाढवल्या होत्या, त्या मीच बोलून बोलून त्याला कापायला लावल्या. फोन तर मला अजिबात आवडत नाही. वाजला की मी तो धम्मपालकडे देते, नाहीतर यांच्याकडे. तेव्हा मी असंच समजत होते की मी जरा शिस्तीची बाई आहे.

यांचीही एक खोड सांगून ठेवते. तोंड असताना बोटांनी बोलायचं. शेजारून जाताना माझ्या मनगटावर बोटं वाजवतात. एक वाजवलं की दाराशी कोणीतरी आलंय, दोन वाजवली की गॅसकडे बघ, तीन वाजवली की फोन. आधी 'ऐकलं का' म्हणून हाक मारायचे, ती कधी बंद झाली ते मला आठवत नाही. मी म्हणायची, साहेब झालात तुम्ही, नुसतं टिचकीवर काम सांगता. त्यावर हे नुसते हसायचे.

तर तिसऱ्या दिवशी यांचा रुसवा निघाला. धम्मपालला बोलावून म्हणाले, बाहेरचा तर बाहेरचा, पण परीक्षा आपण घेऊ. मुलाखत झाली की प्रत्येकाला आपल्या आळीत सोडायचं, बेचाळीस घरं, साडेदहा ते साडेचार. कोण किती माणसं शोधून आणतो ते बघायचं. आपल्या आळीत अकरा जण आहेत, हे धम्मपालला पाठ, मला पाठ, आळीतल्या कुत्र्यालाही पाठ असेल. पुण्याच्या संस्थेतल्या भावना मॅडमना ही कल्पना फोनवर सांगितली तर त्या उलट खूश झाल्या.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी त्या आल्या तेव्हा यांनी त्यांच्यासमोर आणखी एक गोष्ट बोलून टाकली. गाळ्यात वीसेक सभासद बसले होते, आणि हे उभे राहून म्हणाले, "आमच्या आळीतला बारावा माणूस जो दाखवील, त्याच्यासमोर मी अध्यक्षपद सोडून देईन. बिलकुल सोडून देईन."

माझ्या हातातली कपबशी वाजली असणार, कारण सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. एकोणीस वर्षं या माणसानं त्या खुर्चीवर बसून तहसीलदारापासून कंडक्टरपर्यंत सगळ्यांशी भांडण केलं. तीच खुर्ची पैजेवर लावली. घरी आल्यावर मी चांगलं फैलावर घेतलं. हे म्हणाले, यादी बराबर असंल तर तुला कशाची भीती? यादी बरोबर होतीच, म्हणून मी भाकरी थापायला बसले.

मुलाखती म्हणजे आमच्याकडे मुलगी बघायचा कार्यक्रमच झाला. दुसरी रीत कोणाला माहीतच नव्हती. सतरंजीवर चादर घातली, मी कांदेपोहे केले, आणि यांनी प्रत्येकाला गाव कोणतं, वडील काय करतात, भाऊ किती, असं विचारायला सुरुवात केली. भावना मॅडमच्या हातात प्रश्नांचा छापील कागद होता. तो त्यांनी थोडा वेळ धरला आणि मग खाली ठेवून पोहे घेतले.

पहिले आले ते संभाजीनगरचे डॉक्टर. औषधाचे नव्हेत, अभ्यासाचे. त्यांनी भिंतीवर चित्रं पाडून टक्केवारी दाखवली. यांना चित्रं दिसत नाहीत हे त्यांच्या लक्षात पाऊण तासानं आलं, तोवर हे डोळे मिटून शांतपणे पोहे खात होते. दुसरा पुण्याचा तरुण, टॅब घेऊन आलेला. गोरागोमटा, नम्र, आणि भाऊ नाही असं सांगितल्यावर आमच्या सभासद बायकांनी एकमेकींकडे असं बघितलं की मला हसू आवरेना.

तिसरी परतूरची शिवकन्या. ती पायऱ्यांशी आली तेव्हाच यांनी मान वर केली आणि म्हणाले, "उजवी कुबडी. खालचं रबर झिजलंय, पोरी, फरशीवर घसरशील." ती म्हणाली की परतूरला मिळत नाही, जालन्यात उतरून दुकान गाठणं होत नाही. यांनी धम्मपालला कपाटातून नवीन रबर काढायला लावलं. संघात आम्ही ती डझनानं ठेवतो. काम मिळो न मिळो, रबर घेऊन जा, असं यांनी तिला सांगितलं, आणि मुलाखत व्हायच्या आधीच तिच्या कुबडीला नवा बूट चढला.

तिचं सांगणं थोडक्यात होतं. सहा वर्षं तिनं दुसऱ्यांच्या पाहण्यांसाठी दारोदार फिरून फॉर्म भरले होते, रोजानं. परभणी, हिंगोली, जालना. अहवाल छापून आले की वर नाव साहेबांचं, आणि आत कुठंतरी 'क्षेत्रीय कर्मचारी' एवढंच. त्या कर्मचाऱ्यांत ती होती. स्वतःच्या नावानं तिनं पहिल्यांदाच अर्ज केला होता. "ह्ये काम मला भेटलं तर वर माझं नाव येईल," असं ती म्हणाली, आणि मान खाली घालून हातातला कागद सरळ करत बसली. मला ती पहिल्यापासून आवडली. बोलताना तोंड समोर ठेवत होती, एकेक शब्द सुटा करत होती.

साडेदहाला तिघांना आळीत सोडलं. सभासद गाळ्यासमोर खुर्च्या टाकून बसले, जणू शंकरपटात बैल सुटलेत. अकराला डॉक्टर परत आले. ग्रामपंचायतीत जाऊन प्रमाणपत्रांची नोंद बघितली, आळीतली तीन नावं निघाली, बाकीचा आकडा सूत्रानं काढता येतो म्हणाले. आणि आलोच आहोत तर दर्शन घेऊन येतो, असं म्हणून देवळाकडे गेले. टॅबवाला अडीचला आला, घामाघूम. त्यानं खरंच सगळी घरं केली होती. प्रत्येक दारात विचारलं, घरात कोणी दिव्यांग आहे का? सात माणसं मिळाली. चार त्याला मिळालीच नाहीत, कारण त्या घरांत लग्नाच्या मुली आहेत, आणि अशा घरी असा प्रश्न विचारला की आमच्याकडे तसलं कोणी नाही हे उत्तर तयार असतं. ते आम्हाला ठाऊक होतं, त्याला कसं असणार?

शिवकन्या आमच्या घरी आली तेव्हा दोन वाजले असतील. आमचं घर आळीतलं एकतिसावं. हे जेवायला आले होते, स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर बसले होते. पोरीचा चेहरा उन्हानं लाल झालेला. मी म्हटलं, आधी बस, दोन घास खा, मग तुझे प्रश्न. कुकर लावला होता, भाकऱ्या झाल्याच होत्या. मधेच यांनी माझ्या मनगटावर दोन बोटं वाजवली, मी उठून गॅस बंद केला आणि नेहमीसारखं बडबडले की बघा, पाहुणी आली तरी यांचा हुकूम बंद नाही. शिवकन्या माझ्याकडे बघत होती, मग यांच्याकडे बघितलं, आणि पुन्हा ताटाकडे.

जेवून हे पुढच्या खोलीत लवंडले. मी भांडी घासून आले तर ती माझ्यासमोर, अगदी समोर, उजेडात येऊन बसली. तिनं दिव्यांग हा शब्दच काढला नाही. चालताना दमता का, चष्मा लावून सुई ओवता येते का, गोष्टी विसरता का, असं एकेक विचारत गेली. मग हातातला कागद खाली ठेवला.

"काकू, मघाशी तुम्ही मोरीपाशी व्हत्या तवा मी मागून तुम्हाला तीनदा आवाज दिला."

मी म्हटलं, नळ चालू होता.

"नळाला पाणी न्हाई, काकू. तुम्ही हंड्यातून घेत व्हत्या."

मला असा राग आला की काय सांगू. आमच्या घरी भाकरी खाऊन आम्हालाच बहिरं म्हणते. मी तिला म्हटलं, "एकोणीस वर्षं झाली मी अपंगांच्या सभेत बसून राह्यले. मला कळत न्हाई का कोण काय हाय ते? तुझ्या कागदावर माझं नाव लिहू नको. जा तू, बाकीची घरं कर."

तिनं वाद घातला नाही. कागदावर काहीतरी लिहिलं, नाव लिहिलं नाही ते मी बघितलं, पाया पडली आणि कुबडी टेकत निघून गेली. मी तिला दुसऱ्यांदा पाणीही विचारलं नाही, आणि पाच मिनिटांनी त्याचंच मला वाईट वाटायला लागलं. मग मी एक वेडेपणा केला. मोरीपाशी गेले, पाठ फिरवली आणि हातातला तांब्या फरशीवर टाकला. पितळी तांब्या, चांगला जड. तो पडलेला मला पायाला कळला. कानाला कुठंतरी लांब, शेजारच्या गावात पडल्यासारखा कळला. पुढच्या खोलीत हे दचकून उठून बसलेले मला दिसले.

मी तांब्या उचलला, पुसला, जागेवर ठेवला. आणि यांचा हात धरून सभेला निघाले.

साडेचारला गाळा गच्च भरला. आळीतलेही लोक आले होते, कारण अध्यक्षपद पैजेवर आहे ही बातमी देवळापर्यंत पोचली होती. मी माझ्या जागी, दाराशी बसले. भावना मॅडमनी पहिले दोन आकडे वाचले, तीन आणि सात. लोक हसले, पण वाईट हसले नाहीत. डॉक्टरही हसले, त्यांनी सगळ्यांसाठी पेढे आणले होते.

मग शिवकन्या उभी राहिली आणि म्हणाली, बारा.

गाळ्यात एकदम सगळ्यांची तोंडं हलायला लागली, मला कोणाचंच धड कळेना. यांनी हात वर केला तेव्हा सगळे थांबले. हे आपली यादी म्हणायला लागले, घर दोन, घर पाच, घर नऊ, आणि प्रत्येक नावाला शिवकन्या हो म्हणत गेली. लग्नाच्या मुलींची चारही घरं तिनं बरोबर काढली होती. अकरा झाली. हे थांबले.

धम्मपालनं विचारलं, "आन बारावं?"

ती म्हणाली, "बारावं हाय. पण नाव मी सांगणार न्हाई. ज्याचं नाव त्यानं हो म्हटल्याबिगर मी सांगत नसते. पाहणी अशीच करायची असते."

भावना मॅडम म्हणाल्या की तत्त्व बरोबर आहे, पण नाव नसेल तर खात्री कशी करायची, आणि खात्री नसेल तर तिघांत हिचा आकडा चुकीचाच धरावा लागेल. धम्मपालचा चेहरा पडला. त्याला पोरगी आवडली होती, पण त्याला वाटलं ती एक वाढवून सांगते आहे. मागच्या रांगेतला एक म्हणाला, जास्तीचं सांगायला काय जातंय. शिवकन्येनं कागद पिशवीत घातले. एकदासुद्धा तिनं माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मला राग तरी धरता आला असता.

आता माझी गंमत बघा. मी बोलले तर या माणसाची खुर्ची जाते, ती मी जन्मभर जपली. आणि आळीत उद्यापासून माझं नाव बहिरी नंदाबाई. नाही बोलले तर ही पोर परतूरच्या गाडीत बसेल आणि पुन्हा कोणाच्या तरी अहवालात क्षेत्रीय कर्मचारी होईल, खरं सांगितलं म्हणून. मी यांच्याकडे बघितलं. हे मान खाली घालून बसले होते, आणि दोन्ही हात मांडीवर अगदी स्वस्थ. इतके स्वस्थ की मला तेही आवडेना. आपला नवरा पैज हरणार की जिंकणार, या वेळी माणूस निदान पाय तरी हलवतो.

मी उठले. सभेत मी एकोणीस वर्षांत बोलले नव्हते, चहात साखर किती एवढं सोडून.

"बारावं नाव माझं," मी म्हटलं. "मला ऐकू येत न्हाई. थोडं येतं, बाकीचं मी तुमच्या तोंडावरून वाचते. ही पोरगी सकाळी पहिल्यांदा भेटली आन दुपारी तिला कळलं. तुम्ही मंडळी एवढी वर्षं माझ्या हातचा चहा पिता, तुम्हाला कळलं न्हाई. मलाही आज दुपारीच कळलं, तेही तांब्या पाडून बघितला तवा."

सगळे माझ्याकडे बघत होते. कोणाचं तोंड हलत नव्हतं, म्हणून मला कळलं की गाळ्यात शांतता आहे. मी यांना म्हटलं की मला माफ करा, तुमची खुर्ची गेली.

हे उठले, चाचपडत दाराशी आले. वाटेतल्या दोन खुर्च्या धम्मपालनं बाजूला केल्या. माझ्यासमोर उभे राहून, तोंड बरोबर माझ्या तोंडासमोर आणून, एकेक शब्द सुटा करून हे म्हणाले, "मला म्हाईत व्हतं. आठ वर्षं झाली."

"मंग यादीत काहून न्हाई घातलं?"

"तुला भ्यालो."

तेवढं सगळ्यांना ऐकू गेलं असावं, कारण गाळा नुसता हलायला लागला. माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती. धम्मपाल भिंतीला टेकून डोळे पुसत होता. मला हसायचं नव्हतं. मी चांगली भांडायच्या तयारीत होते, आठ वर्षांचा हिशेब मागायचा होता, पण ओठच ऐकेनात. मीही हसले, आणि हसता हसता रडले, दोन्ही मला एकदमच आलं.

मग यांनी सगळ्यांना सांगितलं ते मला धम्मपालनं नंतर समोर बसून पुन्हा सांगितलं. हे म्हणाले, मी दोनदा हिला सांगून बघितलं, दोन्हीदा दोन-दोन दिवस अबोला झाला. मनाविरुद्ध नाव लिहिलं तर ती यादी कसली? मग पुण्याचं पत्र आलं. मनात म्हटलं, जो माणूस माझ्या घरात येऊन हे ओळखील, आणि ओळखूनही हिच्या परवानगीशिवाय बोलणार नाही, त्याच्याच हातात तालुका द्यायचा. म्हणून आपली आळी, आणि आठ वर्षं मी अपुरी यादी म्हटली, म्हणून ती पैज. "परीक्षेचं उत्तर अकरा नव्हतंच," हे म्हणाले. "बाराच व्हतं."

भावना मॅडमनी विचारलं, की मग शिवकन्या नाव सांगेना तेव्हा तुम्ही गप्प का बसलात? हे म्हणाले, नाव हिचं, सांगायचं तर हिनं. मी काय सगळ्या गावाचा मालक हाय?

टॅबवाल्यानंच पहिल्यांदा टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. मला टाळ्या चांगल्या ऐकू येतात, हे त्या दिवशी कळलं. शिवकन्या तशीच उभी होती, पिशवी छातीशी धरून, काम आपल्याला मिळालं हे तिला कोणीतरी येऊन हलवून सांगावं लागलं. डॉक्टरांनी तिच्या हातावर पेढा ठेवला आणि विचारलं, तुझे ते प्रश्न मला लिहून देशील का? ती म्हणाली, देईन, पण खाली माझं नाव घाला.

खुर्चीचं म्हणाल तर यांनी शब्द मागे घेतला नाही. सभासदांनी पुष्कळ समजावलं, की ही पैज धरायची नसते. हे म्हणाले, एकोणीस वर्षं झाली, आता धम्मपालनं बसावं, आणि मी दाराशी बसतो, तिथं वारं चांगलं लागतं. त्याच सभेत मला सभासद करून घेतलं. धम्मपालनं वहीत आमच्या आळीच्या पानावर अकराच्या खाली बारा लिहिलं आणि पुढं माझं नाव, डाव्या हातानं, त्या वहीतलं सगळ्यात सुंदर अक्षर. मला वाटलं होतं ते वाचून मला लाज वाटेल. मी ते तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा शेजारणीला दाखवलं.

पुढच्या सोमवारी बेसलाइन सुरू झाली. पहिला फॉर्म माझा. शिवकन्या सकाळीच घरी आली, आमच्या ओट्यावर समोर उजेडात बसली. फॉर्मच्या वर छापलं होतं, मुख्य सल्लागार, आणि पुढं तिचं पूर्ण नाव. ते तिनं मला आधी दाखवलं, मग प्रश्न काढले. कान तपासायला जालन्याला कधी जायचं, बसचा पास, प्रमाणपत्र, सगळं झालं. हे माझ्या शेजारी बसून शेंगा फोडत होते.

मग एक प्रश्न आला, रोजच्या कामात तुम्हाला कोणाची मदत होते का?

मी म्हटलं, मला कशाला मदत लागते? मीच तर यांना तीस वर्षं हात धरून चालवते. हे लिही. तिनं पेन टेकवलं, पण लिहिलं नाही, आणि तेवढ्यात माझ्या मनगटावर दोन बोटं वाजली.

मी वळून आत बघितलं. कुकरच्या शिट्टीतून वाफेचा लोट उठला होता, छतापर्यंत. तो किती वेळ ओरडत होता कोण जाणे. मी उठून गॅस बंद केला आणि तिथंच स्वयंपाकाच्या ओट्याला धरून उभी राहिले. एक म्हणजे दार. दोन म्हणजे गॅस. तीन म्हणजे फोन. आठ वर्षांत माझ्या घरात एकदाही डाळ करपली नव्हती, दारातून पाहुणा परत गेला नव्हता, आणि मी या माणसाला साहेब म्हणून चिडवत होते.

बाहेर आले तेव्हा हे शेंगाच फोडत होते, काही घडलंच नाही अशा थाटात. मी यांच्या मनगटावर एक बोट वाजवलं. यांनी मान वर केली, दाराशी कोण आलंय म्हणून.

"कोणी न्हाई, मीच हाय," मी म्हटलं. मग शिवकन्येला म्हटलं, "लिही. मदत होते. काकासाहेबांची."